एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी लसींची सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांचा विचार केला तर त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. एआरटीच्या (एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) गोळ्या नियमित घेणाऱ्यांचे आयुष्य आज इतरांइतकेच लांबू शकते. म्हणूनच न्यूमोनिया, कावीळ, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसारख्या टाळता येण्याजोग्या आजारांपासून बचाव करणे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे. तरीही लसीचा विषय निघाला की अनेक जण बिचकतात आणि काही वेळा डॉक्टरही "सध्या राहू द्या" असे म्हणून मोकळे होतात. हे "राहू द्या" बहुतेक लसींच्या बाबतीत अनाठायी आहे आणि मोजक्या लसींच्या बाबतीत मात्र अत्यंत योग्य आहे. हा फरक समजावा, यासाठी पुढील उत्तरे लिहिली आहेत. आपल्या प्रकृतीचा अंतिम निर्णय आपल्या एआरटी केंद्रातील डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

एचआयव्ही असताना लस घेणे सुरक्षित आहे का?

बहुतेक लसी सुरक्षित आहेत. ज्या लसींमध्ये रोगजंतू मारलेला असतो, किंवा त्याचा केवळ एखादा तुकडा असतो, त्या लसींमुळे तो रोग होणे शक्यच नसते, मग घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती कितीही खालावलेली असो. धनुर्वात व घटसर्प, कावीळ 'ब', इंजेक्शनने दिली जाणारी फ्लूची लस, न्यूमोनियाची लस, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू), रेबीज आणि भारतात दिल्या गेलेल्या कोव्हिशील्ड, कोव्हॅक्सिन व कॉर्बेव्हॅक्स या लसी यांत मोडतात. कोव्हिशील्डमध्ये एक विषाणू वाहक म्हणून वापरलेला असला तरी तो शरीरात वाढू शकत नाही.

अशा लसींबाबत खरा प्रश्न परिणामकारकतेचा आहे. सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असतील, तर लसीने तयार होणारे संरक्षण अपुरे राहू शकते किंवा लवकर ओसरू शकते. त्यामुळेच एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला काही लसींचे जास्त डोस लागतात. अधिक डोस सांगितले म्हणजे आपली प्रकृती बिघडली आहे, असा अर्थ कोणीही काढू नये.

मग नेमक्या कोणत्या लसींची काळजी घ्यावी लागते?

जिवंत पण दुर्बल केलेले जंतू असलेल्या लसींची. बीसीजी (क्षयरोगाची लस), गोवर-रुबेला व गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडाने दिली जाणारी पोलिओची लस, रोटाव्हायरस, पीतज्वर, नाकात फवारली जाणारी फ्लूची लस आणि तोंडाने घ्यायची टायफॉइडची लस या जिवंत लसी आहेत. जपानी मेंदूज्वर व कावीळ 'अ' यांच्या लसी भारतात जिवंत आणि निष्क्रिय अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. त्यामुळे केवळ "कावीळ अ ची लस द्या" एवढे म्हणून भागत नाही. कोणती, हे विचारावेच लागते.

निरोगी शरीरात हे दुर्बल जंतू थोडेसे वाढतात, प्रतिकारशक्तीला त्यांची ओळख पटते आणि ते नष्ट होतात. प्रतिकारशक्ती फार खालावली असेल, तर ही शेवटची पायरी गाठली जात नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी आवश्यक म्हणून २० वर्षांच्या एका तरुणाला गोवर-गालगुंड-रुबेलाचा डोस देण्यात आला. त्याला एचआयव्ही होता, बाहेरून फारशी लक्षणे दिसत नव्हती, परंतु त्याच्या सीडी-४ पेशी जवळजवळ संपलेल्या होत्या. सुमारे वर्षभराने त्याला गंभीर न्यूमोनिया झाला, फुप्फुसांत लसीतलाच गोवराचा विषाणू सापडला आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. प्रभावी एआरटी उपलब्ध होण्याआधीची ही घटना आहे आणि अशी उदाहरणे अतिशय विरळ आहेत. मात्र "दिसायला तर बरा आहे" हा जिवंत लस देण्याचा निकष असू शकत नाही, हे तिच्यातून पुरेसे स्पष्ट होते.

जिवंत लस घेण्यासाठी माझा सीडी-४ किती असायला हवा?

प्रौढांमध्ये आणि पाच वर्षांपेक्षा मोठ्या मुलांमध्ये दर घनमिलिमीटर रक्तात २०० ही सीमारेषा मानली जाते. सीडी-४ त्याहून कमी असेल, तर जिवंत लस टाळावी. गोवराच्या लसीसाठी तो किमान सहा महिने २०० किंवा त्याहून अधिक राहिलेला असावा, अशी अपेक्षा असते. लहान मुलांमध्ये सीडी-४ ची संख्या स्वभावतःच जास्त असते. त्यामुळे तेथे संख्येऐवजी टक्केवारी पाहतात आणि १५ टक्क्यांच्या खाली असल्यास ही लस देत नाहीत.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) नियंत्रणात आणि सीडी-४ चांगला असलेल्या व्यक्तींची सीडी-४ चाचणी आता पूर्वीइतकी वारंवार केली जात नाही. कारण उपचार लागू पडत आहेत की नाही, हे व्हायरल लोडवरून अधिक नेमके कळते. त्यामुळे हाती असलेला सीडी-४ चा अहवाल बराच जुना असू शकतो. मधल्या काळात गोळ्या सुटल्या नसतील आणि व्हायरल लोड दबलेला असेल, तर जुना चांगला अहवाल सहसा विश्वासार्ह ठरतो. गोळ्या सुटल्या असतील, तर जिवंत लसीपूर्वी नवी चाचणी मागावी आणि गोळ्या सुटल्याचे डॉक्टरांना संकोच न करता सांगावे. ही माहिती लपवल्यामुळे होणारे नुकसान फक्त आपलेच असते.

लस घेतल्यावर व्हायरल लोड वाढतो, असे ऐकले. ते खरे आहे का?

या समजुतीला आधार आहे, पण तो जुन्या काळातला आहे. धनुर्वात किंवा फ्लूची लस दिल्यानंतर काही रुग्णांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण थोड्या काळासाठी वाढते, असे नव्वदच्या दशकातील अभ्यासांत आढळले होते. लसीमुळे प्रतिकारशक्ती जागी होते, तिच्यातील सक्रिय झालेल्या सीडी-४ पेशींमध्ये एचआयव्ही अधिक सहज वाढतो, आणि त्या काळी त्याला रोखणारी प्रभावी औषधे बहुतेकांच्या वाट्याला आलेली नव्हती. ही वाढ काही आठवड्यांत आपोआप ओसरत असे. आज नियमित एआरटी घेणाऱ्यांमध्ये अशी वाढ झालीच तर अगदी किंचित आणि तात्पुरती असते, तिच्यामुळे आजार बळावत नाही. प्रत्यक्ष फ्लू किंवा न्यूमोनिया झाल्यास प्रतिकारशक्तीवर पडणारा ताण लसीपेक्षा कितीतरी मोठा असतो. व्हायरल लोडची चाचणी ठरलेलीच असेल, तर ती लसीपूर्वी किंवा लसीनंतर सुमारे महिन्याभराने करून घ्यावी, म्हणजे अहवाल वाचताना गोंधळ होत नाही.

लसीच्या दिवशी एआरटीच्या गोळ्या थांबवाव्यात का?

नाही. एकही डोस चुकवू नये. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तिन्ही औषधे एकत्र असलेल्या गोळीचा, किंवा अन्य कोणत्याही एआरटी औषधाचा लसीशी विरोध नाही. लसीनंतर ताप किंवा अंगदुखी झाली, तर पॅरासिटामॉल घेता येते.

एआरटी नुकतीच सुरू केली आहे. प्रतिकारशक्ती सुधारेपर्यंत लसीसाठी थांबावे का?

जिवंत लसीसाठी थांबावे. इतर लसींसाठी उत्तर थोडे तारतम्याने द्यावे लागते. सीडी-४ सुधारल्यावर घेतलेली लस अधिक चांगले काम करते, यात शंका नाही. परंतु फ्लूची साथ किंवा न्यूमोनियाचा जंतू आपल्या सीडी-४ साठी थांबत नाही आणि सर्वाधिक धोका नेमका या पहिल्या महिन्यांतच असतो. फ्लू, न्यूमोनिया व कावीळ 'ब' यांच्या लसी आता घेऊन, गरज पडल्यास प्रतिकारशक्ती सुधारल्यावर पुन्हा घेणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. "सीडी-४ वाढला की बघू" असे म्हणत वर्षे निघून जातात, आणि या विषयात मला सर्वाधिक खटकणारी गोष्ट हीच आहे.

न्यूमोनियाची लस खरोखर उपयोगी पडते का? तिच्याविषयी उलटसुलट वाचायला मिळते.

उलटसुलट वाचायला मिळते, कारण अभ्यासांचे निष्कर्षच एकेकाळी उलटसुलट आले होते. या लसीचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात न्यूमोकोकस जंतूच्या २३ उपप्रकारांच्या बाह्य आवरणातील शर्करा असतात. नव्या, संयुग्मित प्रकारात ही शर्करा एका प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे प्रतिकारशक्ती तिला अधिक चांगल्या रीतीने लक्षात ठेवते.

युगांडात एचआयव्ही असलेल्या प्रौढांना जुनी, २३ उपप्रकारांची लस देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत लस घेतलेल्या गटातच न्यूमोनियाचे प्रमाण अधिक आढळले. हा धक्काच होता. त्याच लोकांचा पुढे काही वर्षे मागोवा घेतल्यावर मात्र लस घेतलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे दिसले. ही माणसे एआरटी घेत नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. यानंतर मलावीमध्ये संयुग्मित लसीची चाचणी झाली. आधी एकदा गंभीर न्यूमोकोकल संसर्ग होऊन गेलेल्या, प्रामुख्याने एचआयव्ही असलेल्या प्रौढांना ही लस दिल्यावर, लसीत समाविष्ट उपप्रकारांमुळे होणारा पुन्हा संसर्ग ७४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले.

म्हणूनच आज आधी संयुग्मित लस देतात. ती १३ किंवा १५ उपप्रकारांची असेल, तर किमान आठ आठवड्यांनी २३ उपप्रकारांची लस देतात. त्या दुसऱ्या लसीसाठी सीडी-४ २०० च्या वर आलेला असणे श्रेयस्कर मानले जाते. २० उपप्रकारांची संयुग्मित लस घेतल्यास दुसरी घ्यावी लागत नाही. बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात संयुग्मित लसीचा समावेश २०२१ पर्यंत देशभर झाला, परंतु प्रौढांना ती बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते आणि ती स्वस्त नाही. खर्चामुळे निवड करावी लागत असेल, तर कोणती लस आधी घ्यावी, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. असा प्रश्न विचारण्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी का?

होय, इंजेक्शनची. नाकात फवारण्याची लस जिवंत असते, ती टाळावी. विषाणू बदलत राहतो, म्हणून मागील वर्षीची लस पुरत नाही. महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लूचे रुग्ण वाढतात, तेव्हा पाऊस सुरू होण्याआधी ती घेतलेली बरी.

कावीळ 'ब' ची लस घेण्याआधी चाचणी करावी लागते का?

करून घ्यावी. कावीळ 'ब' आणि एचआयव्ही यांचे पसरण्याचे मार्ग जवळपास सारखेच असल्यामुळे काहींना दोन्ही संसर्ग आधीच झालेले असतात. कावीळ 'ब' आधीपासून असेल, तर लसीने अपाय होत नाही, पण उपयोगही होत नाही. अशा व्यक्तींनी आणखी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधे कावीळ 'ब' च्या विषाणूलाही दाबून ठेवतात. त्यामुळे एआरटी स्वतःच्या मनाने बंद केल्यास यकृताचा आजार अचानक उफाळून जिवावर बेतू शकते.

चाचणीत संसर्ग नाही आणि संरक्षणही नाही असे आढळले, तर लस घ्यावी. एचआयव्ही असलेल्या प्रौढांना नेहमीच्या २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे दुप्पट डोस द्यावा, अशी शिफारस अनेक तज्ज्ञ करतात. इंजेक्शने किती आणि किती अंतराने, हे डॉक्टर ठरवतील. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) पातळी तपासणे मात्र विसरू नये. ती १० किंवा त्याहून अधिक आली, तर संरक्षण मिळाले असे समजतात. कमी आली, तर संपूर्ण क्रम पुन्हा देतात. दुसऱ्या प्रयत्नात यश येणारे अनेक जण असतात, त्यामुळे पहिल्या अहवालाने निराश होऊ नये.

एचपीव्हीची लस आता एकाच डोसात पुरते, असे म्हणतात. मलाही एकच पुरेल का?

पुरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला, परंतु एचआयव्ही असलेल्यांना त्यातून स्पष्टपणे वगळले. त्यांना किमान दोन आणि शक्य असेल तेथे तीन डोस द्यावेत, असे संघटना सांगते. मुलींसाठी एका डोसाचे शिबिर भरले, तर एचआयव्ही असलेल्या मुलीच्या पालकांनी तेवढ्यावर समाधान न मानता उरलेल्या डोसांची सोय लावावी.

एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. ही लस जिवंत नसल्यामुळे सीडी-४ कितीही असला तरी देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही देशी लस २०२३ च्या सुरुवातीला आल्यापासून परदेशी लसींना पर्याय मिळाला आहे. लस पुरुषांनाही उपयोगी आहे. वय जास्त असेल आणि एचपीव्हीचा संसर्ग आधीच होऊन गेला असेल, तर लाभ कमी होतो, कारण ही लस असलेला संसर्ग बरा करत नाही. त्यामुळे लस घेतली असो वा नसो, एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी वयाच्या २५ व्या वर्षापासून दर तीन ते पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली पाहिजे.

कोविडच्या लसीमुळे एचआयव्ही होतो, किंवा चाचणी पॉझिटिव्ह येते, असे संदेश फिरत होते. त्यात काही तथ्य होते का?

भारतात दिल्या गेलेल्या कोणत्याही लसीबाबत त्यात तथ्य नव्हते. मात्र ही अफवा कोठून उगवली असावी, हे सांगण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने तयार केलेल्या एका कोविड लसीत प्रथिनाला आकार देण्यासाठी एचआयव्हीच्या एका प्रथिनाचा लहानसा तुकडा वापरला होता. त्या तुकड्यापासून एचआयव्ही होणे अशक्य होते. पण चाचणीत सहभागी झालेल्या निरोगी लोकांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि एचआयव्हीच्या काही तपासण्या खोट्या पॉझिटिव्ह येऊ लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये ती लस सोडून देण्यात आली. ती कधीही बाजारात आली नाही.

दुसरी शंका वाहक विषाणूंची आहे. एचआयव्हीविरुद्धच्या एका प्रायोगिक लसीत अ‍ॅडिनोव्हायरस-५ हा वाहक वापरला होता. ती निष्प्रभ ठरत असल्याचे दिसल्याने २००७ मध्ये तिचे डोस देणे थांबवण्यात आले, आणि नंतरच्या विश्लेषणात ती घेतलेल्या काही पुरुषांमध्ये एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढल्याचे दिसले. हाच वाहक स्पुटनिक-व्ही च्या दुसऱ्या डोसात असल्यामुळे दक्षिण आफ्रिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये त्या लसीला परवानगी दिली नाही. कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीतील वेगळा अ‍ॅडिनोव्हायरस आहे. शिवाय ही काळजी एचआयव्ही नसलेल्यांना लागण होण्यासंबंधी होती, आधीच एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या प्रकृतीसंबंधी नव्हती. मार्च २०२१ मध्ये सरकारने ४५ ते ५९ वयोगटासाठी सहव्याधींची यादी काढली, तेव्हा तिच्यात एचआयव्ही संसर्गाचा समावेश होता, म्हणजे या व्यक्तींना लसीत प्राधान्य दिले गेले होते.

माझे बाळ नुकतेच जन्मले आहे आणि त्याचा एचआयव्ही अहवाल अजून यायचा आहे. त्याला बीसीजी द्यावी का?

हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. बीसीजीतील जंतू जिवंत असतात आणि एचआयव्ही असलेल्या, उपचार न मिळालेल्या बाळाच्या शरीरात ते सर्वत्र पसरू शकतात. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातील २००४ ते २००६ च्या पाहणीत एचआयव्ही असलेल्या दर १०० बाळांमागे सुमारे एकाला असा सर्वांगात पसरलेला बीसीजीचा आजार झाल्याचे आढळले. हा आजार बहुधा जीवघेणा ठरतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये एचआयव्ही असल्याचे निश्चित झालेल्या बाळांना बीसीजी देऊ नये, असे सांगितले.

दुसऱ्या बाजूला क्षयरोग आहे, आणि आपल्याकडे तो घराघराच्या जवळ आहे. आई एआरटी घेत असेल, तर बाळाला एचआयव्ही होण्याची शक्यता खूपच कमी असते. बीसीजी लांबवली, तर एचआयव्ही नसलेली बहुसंख्य बाळे क्षयरोगाच्या मेंदूज्वरासारख्या भयंकर प्रकारांपुढे उघडी पडतात. म्हणून आईला एचआयव्ही असला आणि बाळाचा अहवाल यायचा असला, तरी बाळात एचआयव्हीची लक्षणे दिसत नसतील तर बीसीजी द्यावी, अशी शिफारस आहे. बाळाला एचआयव्ही असल्याचे लस देण्यापूर्वीच निश्चित झाले असेल, तर आधी एआरटी सुरू करावी आणि प्रकृती व प्रतिकारशक्ती स्थिर झाल्यावर बीसीजीचा विचार करावा, असे २०१८ पासून सुचवले जाते.

लस आधी दिली आणि नंतर अहवाल पॉझिटिव्ह आला, तर घाबरून न जाता एआरटी तातडीने सुरू करावी. टोचलेल्या जागी मोठी जखम, काखेत गाठ, वजन न वाढणे किंवा सतत ताप दिसल्यास बाळाला एआरटी केंद्रात दाखवावे. सहाव्या आठवड्याची रक्तचाचणी चुकवू नये, कारण पुढचे सर्व निर्णय तिच्यावर अवलंबून असतात.

बाळाच्या बाकीच्या लसींचे काय?

पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांवरील एकत्रित लस), न्यूमोनिया आणि इंजेक्शनची पोलिओ लस वेळापत्रकानुसार द्यावी. रोटाव्हायरस जिवंत असली तरी एचआयव्ही असलेल्या बाळांमध्ये ती सुरक्षित आढळली आहे. तोंडाने दिली जाणारी पोलिओ लस देण्यास जागतिक आरोग्य संघटनेची हरकत नाही, मात्र प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या बाळाबाबत डॉक्टरांना आधी विचारावे.

गोवर-रुबेलाबाबत थोडे अधिक सांगितले पाहिजे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत, तसेच मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली आणि बालके दगावली. एचआयव्ही असलेल्या मुलाला गोवर झाल्यास तो फार उग्र होतो, अनेकदा अंगावर पुरळ न उठताच फुप्फुसांत उतरतो. म्हणून प्रतिकारशक्ती अगदीच खालावलेली नसेल, तर अशा बाळाला सहाव्या महिन्यातच एक जादा डोस आणि त्यानंतर नेहमीचे दोन डोस देण्याची शिफारस आहे. एआरटी सुरू होण्याआधी मिळालेल्या डोसांचे संरक्षण टिकत नाही, त्यामुळे एआरटीने प्रतिकारशक्ती सावरल्यावर आणखी एक डोस द्यावा लागतो. ही शेवटची गोष्ट वारंवार राहून जाते. मुलाचे लसीकरण कार्ड पूर्ण भरलेले दिसते आणि सर्व डोस झाले असे सगळेच समजतात.

घरातील इतर मुलांना जिवंत लस दिली, तर मला धोका आहे का?

गोवर-रुबेलाच्या लसीतील विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. उलट घरातील मुलांना ती दिल्याने गोवर घरात येत नाही, तेव्हा ती अवश्य द्यावी. कांजिण्यांच्या लसीनंतर मुलाच्या अंगावर पुरळ आले, तर ते जाईपर्यंत जवळचा संपर्क टाळावा. तोंडाने दिलेली पोलिओ व रोटाव्हायरस लस मुलाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडते. म्हणून लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि सीडी-४ फार कमी असेल तर हे काम घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावे.

कुत्रा चावला तर?

अजिबात थांबू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीजची लस निष्क्रिय असते. एचआयव्ही असल्याचे येथे डॉक्टरांना सांगणे फार गरजेचे आहे, कारण इतरांना केवळ लस पुरेल अशा किरकोळ ओरखड्यालाही, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीला लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) देण्याची शिफारस आहे. लसीचे सर्व डोस पूर्ण करावेत.

कांजिण्या आणि नागीण यांच्या लसी एकच आहेत का?

दोन्ही आजार एकाच विषाणूमुळे होतात, लसी मात्र वेगळ्या आहेत. कांजिण्यांची लस जिवंत आहे. सीडी-४ २०० च्या वर असेल आणि पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, तरच ती घ्यावी. नागिणीवर २०२३ पासून भारतात मिळू लागलेली लस केवळ प्रथिनाची असते, त्यामुळे एचआयव्ही असलेल्यांना चालते. नागीण त्यांना इतरांपेक्षा अधिक वेळा आणि कमी वयात होते, तेव्हा परवडत असल्यास तिचा विचार करावा. कांजिण्या कधीच झाल्या नसतील आणि घरात कोणाला झाल्या, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे.

परदेशी किंवा दूरच्या प्रवासासाठी लस लागते. काय करावे?

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील काही देशांसाठी पीतज्वराची लस लागते आणि ती जिवंत आहे. सीडी-४ २०० पेक्षा कमी असेल, तर ती घेऊ नये, वैद्यकीय कारणास्तव सूट असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि शक्य असल्यास प्रवासच पुढे ढकलावा. प्रमाणपत्राने सीमेवरची अडचण सुटते, डासांपासून संरक्षण मिळत नाही. हज यात्रेसाठी लागणारी मेनिंजायटिसची लस निष्क्रिय आहे, ती निर्धास्त घ्यावी. विदर्भात जपानी मेंदूज्वर आढळणाऱ्या जिल्ह्यांत त्याची लस घ्यायची असेल, तर निष्क्रिय प्रकार मागावा.

गरोदरपणात कोणत्या लसी चालतात?

धनुर्वात-घटसर्प आणि फ्लूचे इंजेक्शन चालते, किंबहुना घ्यावेच. जिवंत लसी प्रसूतीनंतर घ्याव्यात.

लस घेताना एचआयव्ही असल्याचे सांगणे बंधनकारक आहे का?

नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार आरोग्यसेवा देताना भेदभाव करण्यास, तसेच संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करण्यास मनाई आहे. लसीकरण केंद्रावरील इतरांच्या सुरक्षिततेसाठीही आपण काही सांगण्याची गरज नाही, कारण प्रत्येकासाठी नवी सुई आणि नवी सिरिंज वापरायचीच असते.

तरीही जिवंत लस, रेबीज आणि कावीळ 'ब' यांच्या बाबतीत ही माहिती देणाऱ्याचाच फायदा होतो. गावातील उपकेंद्रात नर्स किंवा आशाताई ओळखीची असते, गोष्ट बाहेर फुटेल अशी भीती वाटते आणि ही भीती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्यावर मार्ग असा की, एआरटी केंद्रातील डॉक्टरांकडून कोणत्या लसी चालतील, कोणत्या नाहीत आणि किती डोस लागतील, हे आधीच लिहून घ्यावे. त्या चिठ्ठीत निदानाचा उल्लेख असण्याची आवश्यकता नाही. "ही लस देऊ नये" एवढे पुरते. समुपदेशकांशी बोलावे, किंवा १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती घ्यावी.

लसीनंतर त्रास झाला तर कोठे सांगावे?

टोचलेल्या जागी दुखणे, एक-दोन दिवस ताप, थकवा आणि डोकेदुखी हे सर्वांनाच होऊ शकते. एचआयव्ही असलेल्यांमध्ये निष्क्रिय लसींमुळे त्याहून वेगळे दुष्परिणाम आढळलेले नाहीत. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबावे, कारण तीव्र अ‍ॅलर्जी क्वचितच होत असली, तरी झाली तर बहुधा याच वेळात होते आणि तिथे तिच्यावर औषध असते.

ताप तीन दिवसांहून अधिक राहिला, श्वास लागला, अंगावर पुरळ उठले, किंवा जिवंत लस घेतल्यानंतर पुढील काही आठवड्यांत प्रकृती विनाकारण ढासळू लागली, तर एआरटी केंद्रात जावे आणि कोणती लस कोणत्या तारखेला घेतली, हे सांगावे. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीचा ताप लसीच्या नावावर खपवून क्षयरोगासारख्या आजाराकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते, म्हणून लांबलेल्या तापाची तपासणी झालीच पाहिजे. लस देणाऱ्या केंद्राने अशा त्रासाची नोंद करणे अपेक्षित आहे. ती होत नसेल, तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाला स्वतःही कळवता येते. नोंदीतील रुग्णाची ओळख गोपनीय ठेवली जाते.